मृतसाठ्यातला दुसरा आवाज

वरद वैजापूरकरच्या बँडच्या पहिल्या अल्बमला सबंध जगात एकच समीक्षण मिळालं, आणि तेही मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

बँड होता ब्लॅक मेटलचा. ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगायचं, तर यात तोंडाला प्रेतासारखा पांढरा रंग फासतात, डोळ्यांभोवती काजळ ओढतात, गिटारी पत्रा कापल्यासारख्या वाजतात आणि गायक गात नाही, किंचाळतो. हा प्रकार जन्माला आला नॉर्वेत, बर्फाच्या आणि अंधाराच्या मुलखात. तो उस्मानपुऱ्यात कसा पोचला हे विचारू नये. इंटरनेट आल्यापासून कुठलंही खूळ कुठंही पोचतं. वरदला ते कॉलेजात लागलं, आणि वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागली तरी सुटलं नाही.

पहिला अल्बम इंग्रजीत होता. सात गाणी, सातही बर्फावर. रेकॉर्डिंग झालं मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत, तौफिकच्या अब्बांच्या कूलरच्या कारखान्यात. वरद गिटार वाजवायचा आणि किंचाळायचा, तौफिक ड्रम वाजवायचा. लहानपणापासून पत्रे ठोकून त्याचे हात तयार झाले होते. तिसरी मनस्विनी. ती बेस गिटार वाजवायची, रेकॉर्डिंग सांभाळायची आणि दिवसभर कानाच्या दवाखान्यात लोकांना कमी ऐकू येतं की कसं ते तपासायची. आपला बँड चालला तर दवाखानाही चालेल, असं ती म्हणायची. तिघांनी टॉवेलनं घाम पुसत हिमवादळाची गाणी केली आणि ती नेटवर टाकली.

समीक्षण लिहिलं हाल्वोर नावाच्या एका नॉर्वेतल्या गृहस्थानं. हा माणूस या संगीतातला मोठा जाणता समजला जायचा. त्यानं दोनच वाक्यं लिहिली: "यांच्या बर्फाला फ्रिजचा वास येतो. गायक घाबरवण्याचा अभिनय करतो, पण तो स्वतः कधी कशाला घाबरला असेल असं वाटत नाही."

वरदला दहावीचे मार्क आठवत नाहीत, पण ही दोन वाक्यं तोंडपाठ आहेत. कारखान्यात मीटिंग चालू असताना ती आठवायची आणि कान तापायचे. त्याला पैसा नको होता. प्रसिद्धी थोडी चालली असती, पण तीही नको म्हणा. एका तरी जाणत्या माणसानं म्हणावं की हा आवाज खरा आहे, एवढंच त्याला हवं होतं. दुसरा अल्बम त्यासाठीच करायचा, आणि तोही आपटला तर गिटार विकून मोकळं व्हायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं. असं ठरवताना माणूस थोडा सुखावतो, हे सोडा.

सोळा साल उजाडलं ते कोरडंच. शहराचं नाव तेव्हा कागदावर एक आणि लोकांच्या तोंडी दोन होतं; नळाला पाणी मात्र दोन्ही नावांना आठव्या दिवशीच यायचं. बीड बायपासला सात-सात मजले चढत होते, बिडकीनकडं कारखान्यांसाठी जमिनी आखल्या जात होत्या, आणि प्रत्येक नव्या इमारतीच्या जाहिरातीत एक निळाशार पोहण्याचा तलाव असायचा. लोक जाहिरात बघायचे आणि टँकरवाल्याला फोन लावायचे.

वरदचे वडील श्रीनिवासराव पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. पेपर आला की ते आधी धरणाची पातळी मोठ्यानं वाचत. लग्न, निधन, निवडणूक सगळं नंतर.

"जायकवाडी अजून मृतसाठ्यातच," एका सकाळी ते म्हणाले.

वरदच्या हातातला चहा तसाच राहिला. "बाबा, परत म्हणा."

"मृतसाठा. धरणाच्या दाराच्या खाली जे पाणी उरतं ना, ते. आपसूक बाहेर येत नाही. उपसावं लागतं." श्रीनिवासरावांनी चष्म्यावरून पोराकडं पाहिलं. पाटबंधाऱ्याबद्दल त्यानं आपणहून विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या आनंदात त्यांनी त्याला पाऊण तास सगळी माहिती दिली.

अल्बमचं नाव तिथंच ठरलं. मृतसाठा. बर्फ गेला, इंग्रजी गेली. सहा गाणी मराठीत लिहिली गेली: भेगा पडलेली जमीन, रिकामा हापसा, रात्रभर उभे टँकर. श्रीनिवासरावांनी ती तपासून दिली. कवितेबद्दल ते काही बोलले नाहीत, पण तिसऱ्या गाण्यातली पाण्याची पातळी चुकली होती ती लाल पेनानं दुरुस्त केली.

आता आवाजाचा प्रश्न होता. गिटारी आणि ड्रम कूलरच्या कारखान्यात होत होते, पण किंकाळी तिथं पत्र्यावर आपटून फुटायची. उत्तर सापडलं ते घरच्या कामात. आठ दिवसांचं पाणी पुरवायचं म्हणजे सातव्या दिवशी अंगणातला हौद तळाला जायचा. आईनं वरदला खराटा देऊन हौद घासायला उतरवलं. सात फूट खोल, चारी बाजूंनी सिमेंट, वर लोखंडी झाकण. वरदनं घासता घासता सहज एक किंकाळी मारली, आणि स्वतःच दचकला. आवाज भिंतींना लागून फिरला, जाड झाला आणि जमिनीखालून कुणीतरी दुसराच ओरडल्यासारखा परत आला.

त्या दिवसापासून हौद हाच स्टुडिओ झाला. पण हा स्टुडिओ आठवड्यातून एक-दीड दिवसच उघडा असायचा, रिकामा झाल्यापासून नळ येईपर्यंत. त्यातून तिघांची एक पद्धत बसली. सातव्या दिवशी वरद शिडीनं खाली उतरायचा, कानाला हेडफोन, हातात माइक. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मनस्विनी झाकण जवळजवळ लावून घ्यायची आणि घरात लॅपटॉपपाशी बसायची. पाणी यायच्या आत जो शेवटचा प्रयत्न होईल तोच पक्का धरायचा, कारण तोवर गळा सगळ्यात जास्त फाटलेला असायचा. आधीचे सगळे कच्चे. पाणी आलं की गाणं संपलं. पाच गाणी अशी पाच आठवड्यांत झाली, आणि गल्लीला वैजापूरकरांच्या अंगणातून येणाऱ्या आवाजांची हळूहळू सवय झाली.

सवय नव्हती ती फक्त कडुबाला. कडुबा म्हणजे पाणी सोडणारा माणूस. गल्लीच्या तोंडाशी जमिनीत व्हॉल्व्ह होता आणि तो फिरवायची हातभर लांब लोखंडी चावी कडुबाच्या खांद्यावर असायची. पंचावन्न-छपन्नचं वय, पांढरी टोपी, बोलणं कमी. आठवड्यातून एकदा तो यायचा तेव्हा बायका त्याला चहा देत, खुर्ची देत, आणि दहा मिनिटं जास्त सोड म्हणून गळ घालत. तो चहा घ्यायचा आणि दहा मिनिटं द्यायचा नाही.

सहाव्या गाण्याच्या दिवशी वरून पाण्याच्या वेळापत्रकात काही बदल झाला आणि कडुबा एक दिवस आधी आला. दुपारची वेळ, गल्ली झोपलेली. मनस्विनी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. कडुबानं व्हॉल्व्ह फिरवला, नेहमीप्रमाणं पाणी चढतंय का बघत गल्लीतून चालू लागला, आणि वैजापूरकरांच्या फाटकापाशी आला तर जमिनीखालून माणूस ओरडत होता.

तो धावत आत आला. झाकण सरकवलं. आत काळोख. "कोण हाये रे आत?" त्यानं विचारलं. खालून किंकाळी. "ए, कोण हाये?" पुन्हा किंकाळी. वरदच्या कानात गिटारी गर्जत होत्या, त्याला वरचं काही ऐकू येत नव्हतं. "आरं कोण हाये, बोल की," कडुबा तिसऱ्यांदा म्हणाला, आणि त्याचा आवाज कोरडा पडला. मग तो दोर आणायला गल्लीबाहेर उभ्या असलेल्या टँकरकडं पळाला. तोवर नळाचं पाणी हौदात पडायला लागलं होतं. वरदच्या पायांना गार पाणी लागलं, हातात विजेची वायर आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं शेवटची जी किंकाळी फोडली ती गाण्यात लिहिलेली नव्हती.

कडुबा दोर आणि चार माणसं घेऊन परतला तेव्हा वरद अंगणात उभा राहून पँट पिळत होता. "मामा, काही नाही, गाणं म्हणत होतो," तो म्हणाला. बरोबर आलेली माणसं हसली. कडुबा हसला नाही. त्यानं दोर गुंडाळला आणि तो निघून गेला. या धांदलीत व्हॉल्व्ह पाऊण तास जास्त उघडा राहिला. गल्लीतल्या टाक्या भरून वाहिल्या, लोकांनी गाड्या धुतल्या, आणि संध्याकाळी तीन बायकांनी वरदच्या आईला एकेकटीनं गाठून विचारलं की वरदचं पुढचं गाणं कधी आहे.

माइक पाण्यात गेला होता. मनस्विनीनं त्या दिवशीच्या फायली तशाच तौफिककडं पाठवल्या आणि सांगितलं की पद्धतीप्रमाणं घे. तौफिक उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरच्या ऑर्डरीत बुडालेला. त्यानं पद्धतीप्रमाणं पाणी यायच्या आधीचा शेवटचा प्रयत्न घेतला, सुरुवात तेवढी ऐकली आणि अल्बम नेटवर चढवला. शेवटच्या गाण्यात कडुबा आहे हे तिघांना कळलं तेव्हा दोन दिवस होऊन गेले होते.

"बदलून टाकू," वरद म्हणाला.

"आता काय बदलतो मियां," तौफिक म्हणाला. "अकरा वेळा वाजलंय. त्यात नऊ वेळा आपणच."

अल्बमचं स्वागत सुरुवातीला असंच झालं. नागपूरच्या कुणीतरी लिहिलं की मराठीत ब्लॅक मेटल म्हणजे आरतीला कर्कश गिटार लावल्यासारखं आहे. लातूरच्या एका मुलीनं लिहिलं की आमच्याकडं आता रेल्वेनं पाणी येणार आहे, हे गाणं ऐकत स्टेशनवर जाईन. श्रीनिवासरावांनी सबंध अल्बम खुर्चीत ताठ बसून ऐकला आणि तिसऱ्या गाण्यातली पातळी आता बरोबर असल्याचं सांगितलं. मग सतरा दिवस काहीच नाही. वरद दिवसातून तीसदा फोन बघायचा. कारखान्यात त्याला वाटायचं की आपण गिटार विकायला काढावी, आणि घरी येऊन तो तीच गिटार पुसत बसायचा.

अठराव्या दिवशी हाल्वोरचं समीक्षण आलं. लांबलचक. शंभरातले एक्क्याण्णव गुण. वरदनं ते कारखान्याच्या जिन्यात उभ्यानं वाचलं.

हाल्वोरनं लिहिलं होतं की या बँडनं बर्फ सोडला आणि आपली जमीन धरली, हे बरं झालं. हौदाच्या घुमाऱ्याचं कौतुक केलं, ड्रमचं केलं. मग आलं शेवटचं गाणं. "सहाव्या मिनिटाला वरून एक दुसरा आवाज येतो. हा गायक ओरडत नाही, विचारतो. तीनदा विचारतो आणि खालून उत्तर येत नाही. गेल्या दहा वर्षांत मी इतकी खरी भीती ऐकलेली नाही. हा दुसरा गायक कोण? नावांच्या यादीत तो का नाही? मुख्य गायक ठीक आहे."

मुख्य गायक ठीक आहे. चार शब्द. वरदनं ते जिन्यात सात वेळा वाचले. एक्क्याण्णव गुण मिळाले होते आणि त्याच्या वाट्याला आला होता फक्त 'ठीक'. खरा आवाज निघाला होता तो पाणी सोडणाऱ्या माणसाचा, आणि त्यानं त्यासाठी तोंडाला साधी पावडरही लावली नव्हती.

आता इथं वरदनं जे केलं ते सांगायला बरं वाटत नाही, पण केलं खरं. त्यानं हाल्वोरला पत्र पाठवलं: "दोन्ही आवाज माझेच."

खोटं बोललेलं माणसाला पचतं, पण आठ दिवस. नवव्या दिवशी पुण्याहून बोलावणं आलं. मे महिन्याच्या शेवटी एका छोट्या हॉलमध्ये चार बँडचा कार्यक्रम होता, नेटवर थेट दाखवणार होते. वैजापूरकर आणि मंडळींनी यावं, मात्र शेवटचं गाणं दोन्ही आवाजांसह व्हायला हवं. लोक त्यासाठीच येणार होते.

वरदनं कारखान्यात, म्हणजे कूलरच्या, कडुबाची हाक बसवायचा प्रयत्न केला. "कोण आहे रे आत?" तो म्हणाला. मग "कोण हाये रे आत?" असं गावरान करून म्हणाला. मग खर्जात म्हणाला.

"मियां, तू पत्ता विचारायलास," तौफिक म्हणाला. "घरात कोणी हाय का, लाईटबिल आणलंय, असं वाटतं."

"घाबरलेल्या माणसाचा आवाज चढत नाही, वरद," मनस्विनी म्हणाली. "कोरडा पडतो. ते करता येत नाही. सरळ त्यांना विचार ना. हाल्वोरला सांगितलंयस ना, ते कोण आहेत?"

वरदनं माइक खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. तौफिक पाच मिनिटं काही बोलला नाही, आणि तौफिकसारख्या माणसानं पाच मिनिटं गप्प बसणं ही फार मोठी शिक्षा असते. वरदनं तिथंच बसून हाल्वोरला दुसरं पत्र लिहिलं: दुसरा आवाज कडुबांचा, ते पाणी सोडतात, मी खोटं बोललो. उत्तर तासाभरात आलं. "मला माहीत होतं. गळे दोन होते. कार्यक्रम मी बघणार आहे. तो प्रश्न आणि ती शांतता पुन्हा ऐकायची आहे."

कडुबा त्याला सापडला शहराच्याच कडेला, सातारा परिसर म्हणतात त्या भागातल्या एका नव्या कॉलनीत. चेंबरच्या कडेला चावी आडवी टाकून तो लिंबाच्या सावलीत बसला होता. वरदनं आधी नमस्कार केला, मग भीत भीत हेडफोन त्याच्या कानाला लावले. कडुबानं टोपी काढली नाही, तिच्यावरूनच लावून घेतले. अकरा मिनिटं तो हलला नाही. सहाव्या मिनिटाला त्याचा हात चावीवर गेला आणि तिथंच राहिला.

"हे मीच हाये," गाणं संपल्यावर तो म्हणाला.

"व्हय, मामा."

"आन् खाली तू."

"व्हय."

कडुबानं हेडफोन काढून परत दिले. "मी पंधरा वर्सं विहिरी खंदल्या. गावाकडं, पिशोरला. मग विहिरीलाच पाणी लागंना, म्हून इकडं आलो. खालून आवाज आला की मला कळतं, कोण मस्करी करायलंय आन् कोण खरं बोंबलायलंय." तो थांबला. "तुपला आवाज मस्करीचा नव्हता, पोरा. माणसाचा होता. म्हून तर पळालो."

गेली तीन वर्षं जे वाक्य वरदला नॉर्वेहून हवं होतं ते लिंबाखाली मिळालं होतं, आणि देणारा माणूस आवाजाच्या बाबतीत हाल्वोरपेक्षा जास्त शिकलेला होता. त्याचे डोळे भरून आले. त्यानं ऊन लागल्याचं निमित्त केलं.

"पण एक सांग," कडुबा म्हणाला. "तू ओ कामून देत नव्हतास?"

"ऐकू येत नव्हतं, मामा."

"विहिरीवर रीत असती. वरच्यानं हाक मारायची, खालच्यानं ओ द्यायची. दर घटकंला. ओ नाय आली तर विचारत बसायचं नाय, उतरायचं. मी तीनदा विचारलं. सात फुटाचा हौद, तरी मपला पाय उतरंना. वय झालं, भ्यालो. दोर आणाया पळालो." तो खाली बघत म्हणाला, "ते मला लई लागलं. तुला हसू आलं आसंल, मला नाय आलं."

पुण्याला यायला तो तयार झाला. एक दिवस सर्जेराव नावाचा त्याचा सोबती व्हॉल्व्ह बघणार होता. पण त्यानं अट घातली: मी विचारलं की तू ओ द्यायची. वर उभं राहून हाका मारायच्या आणि खालचा बोलत नाही, हे लटकंसुद्धा मला सोसायचं नाही.

"देतो, मामा," वरद म्हणाला. शब्द दिला.

आणि दिल्यानंतर, पुण्याला जाताना बसमध्ये, त्याला हाल्वोरचं वाक्य आठवायला लागलं. प्रश्न आणि ती शांतता. ओ दिली की शांतता गेली, भीती गेली, एक्क्याण्णव गुण गेले. नगर येईपर्यंत त्यानं ठरवलं की ओ द्यायची नाही. हॉलच्या मागच्या खोलीत तोंडाला रंग लावता लावता त्यानं हे मनस्विनी आणि तौफिकला हळू आवाजात सांगितलं. तिसऱ्या हाकेनंतर चार ठोके शांतता, मग ड्रम, रेकॉर्डवर आहे तसं.

"तू त्यांना शब्द दिलायस," मनस्विनी म्हणाली.

"एकदाच गं. नंतर समजावतो त्यांना."

तौफिकनं डोळ्यांभोवती काजळ ओढलं आणि आरशातूनच म्हणाला, "तू समजाव. मी नाय तोंड दाखवणार."

पलीकडच्या बाकावर कडुबा धुतलेला सदरा घालून बसला होता. कुणीतरी त्याच्यापुढं पांढऱ्या रंगाची डबी धरली. "मला कशाला," तो म्हणाला. "मी जिताच हाये."

हॉलमध्ये सव्वाशे मुलं होती, झाडून सगळी काळ्या कपड्यांत. स्टेजवर एक उंच टेबल ठेवलं होतं. त्यावर कडुबा उभा राहणार आणि वरद खाली, टेबलाच्या पायथ्याशी, गुडघ्यांवर, गळ्यात गिटार, समोर माइक. पहिली पाच गाणी जोरात झाली. मुलं मानेच्या शिरा तुटतील अशी डोकी हलवत होती. तिसऱ्या गाण्यातली पातळी बरोबर होती. मग दिवे मालवले, एकच उरला, आणि कडुबा टेबलावर चढला. पांढरी टोपी बघून मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

वरद किंचाळू लागला. त्या दिवशी त्याचा गळा चांगला लागला होता. सहाव्या मिनिटाला गिटार थांबली.

"कोण हाये रे आत?" कडुबा म्हणाला.

हॉल एकदम गार पडला. वरद किंचाळला.

"ए, कोण हाये?"

कडुबा वाकून खाली बघत होता. त्यानं डोळे मोठे केले नव्हते, हात हलवले नव्हते. तो फक्त उत्तराची वाट बघत होता, कारण त्याला शब्द मिळालेला होता. वरदनं किंकाळी पुरी केली.

"आरं कोण हाये, बोल की." आवाज कोरडा पडला.

मग शांतता. एक ठोका. दोन. हीच ती शांतता, हाल्वोरची. वरद मान खाली घालून ती मोजत होता. तीन. आणि चौथ्या ठोक्यानंतर, जिथं ड्रम यायचा तिथं, वरून हाक आली जी गाण्यात नव्हती.

"वरद."

कडुबानं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. वरदनं मान वर केली. कडुबानं माइक एका हातात धरला होता, दुसरा हात टेबलाच्या कडेवर टेकला होता, आणि त्याचा एक पाय कडेवरून खाली सुटून अंधारात आधार शोधत होता. ओ आली नव्हती, म्हणून तो उतरत होता.

"ओ," वरद म्हणाला.

ती किंकाळी नव्हती. आईनं स्वयंपाकघरातून हाक मारल्यावर देतो तसली, साध्या आवाजातली ओ होती. तोंडाला फासलेल्या रंगातून ती बाहेर आली आणि माइकमधून हॉलच्या भिंतीपर्यंत गेली.

हाल्वोरनं दुसऱ्या दिवशी लिहिलं की त्या उत्तरानं दशकातला सर्वांत चांगला शेवट मातीत घातला. चोपन्न गुण दिले. वरदनं ते एकदाच वाचलं.

कारण त्या रात्री पुढं जे झालं ते हाल्वोरला नेटवर दिसलं असलं तरी कळणं शक्य नव्हतं. कडुबानं पाय वर घेतला. त्यानं सोडलेला श्वास माइकमध्ये ऐकू आला. "बरं," तो म्हणाला. मग विहिरीवरच्या पंधरा वर्षांच्या सवयीनं, खाली एकाची ओ आली की वरचा जे विचारतो ते त्यानं समोरच्या अंधाराकडं बघून विचारलं.

"बाकीचे?"

मग मागच्या रांगेतून एका मुलाचा आवाज आला, "ओ." मग एका मुलीचा. मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या दोघांचा. कडुबा प्रत्येक आवाजाकडं मान वळवून बघत होता, हिशेबात धरल्यासारखी मान हलवत होता, आणि सव्वाशे काळे सदरे एकामागून एक सांगत होते की आम्ही आहोत. मनस्विनीनं गिटारीवरचा हात काढून ओ दिली. तौफिकनं काठ्या मांडीवर ठेवल्या आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठ्यानं दिली.